'आत्मवृत्ता'तील प्राध्यापक

धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले. स्त्रीशिक्षणाच्या कार्याचा इतिहास म्हणूनच ते बहुधा वाचले जाते. आम्ही या खेपेस ते एका प्राध्यापकाचे चरित्र म्हणून वाचले, आणि एक अडचणीची शंका मनात उभी राहिली.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली. आजीव सभासदांनी अल्प वेतनावर संस्थेस वाहून घ्यावे, असा संकल्प होता. परंतु वाहून घेणे म्हणजे काय? गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले, ते टिळकांस रुचले नाही; आधीच्या मतभेदांत ही भर पडून १८९० च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. (टिळक त्या वेळी 'केसरी' चालवीतच होते, हेही विसरून चालणार नाही.) त्यांच्या जागी १८९१ साली गणित शिकविण्यास फर्ग्युसन कॉलेजात आले ते कर्वे! आणि याच गृहस्थांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे हिंगण्यास झोपडी उभारली, आणि कॉलेजचे तास संपवून त्या वाटेने पायपीट केली. टिळकांच्या कसोटीस हे उतरते काय? खास नाही. तरीही १९१४ पर्यंत ते कॉलेजात राहिले, आणि त्यांस एकनिष्ठ म्हणण्यास आमची जीभ अडखळत नाही. निष्ठा बाहेरच्या कामांची मोजदाद करून ठरत नाही. वर्गात उभा राहिलेला मनुष्य तेथे मनानेही हजर आहे की नाही, हे विद्यार्थ्यांस ताबडतोब कळते.

ग्रंथाची भाषा हिशेबाच्या वहीसारखी सरळ आहे. तोच तिचा गुण, आणि आमच्या मते तोच दोषही. या दुहेरी सेवेची किंमत घरातील माणसांनी काय मोजली, ते पुरते कळण्यास त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचे 'माझे पुराण' (१९४४) हाती घ्यावे लागते. बायांची ठसकेबाज वाणी ऐकल्यावर 'आत्मवृत्ता'तील शांतपणा थोडा महाग वाटू लागतो.

हल्ली कॉलेजांतून तासिका तत्त्वावर शिक्षक नेमतात. आमच्या ओळखीचे एक तरुण गृहस्थ असेच दोन कॉलेजांत तास घेतात. सुट्टी लागली की मिळकत बंद. त्यांच्या संस्थाचालकांनी मागे एका समारंभात जुन्या आजीव सभासदांच्या त्यागावर तासभर व्याख्यान दिले. हे गृहस्थ शेवटच्या रांगेत बसले होते. त्या तासाचे मानधन त्यांस अर्थातच मिळाले नाही.