15 ठोक्यांची रेघ

ऑटोनॉमिक न्यूरोपॅथीवर वाचायला घेतलंत की एक पेपर भेटणारच: युईंग आणि क्लार्क, ब्रिटिश मेडिकल जर्नल, 1982. वाचाच, पण जरा भांडत वाचा.

मधुमेहात नसांची नेहमीची तपासणी, म्हणजे नर्व्ह कंडक्शन, फक्त जाड, वेगवान तंतू पाहते. घाम, रक्तदाब, पचन सांभाळणारे बारीक तंतू तिला दिसतच नाहीत. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंटला उभं राहिलं की चक्कर! एडिनबराच्या या दोघांनी पाच साध्या चाचण्या एकत्र मांडल्या, हे त्यांचं मोठंच काम. त्यातली एक बघा: मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायचा आणि हृदयाच्या गतीत किती फरक पडतो ते मोजायचं. 15 किंवा जास्त ठोके असतील तर नॉर्मल, 10 किंवा कमी असतील तर बिघाड. ईसीजी मशीन असलं की झालं.

माझं भांडण या आकड्यांशी आहे. यात वय कुठंय? हा फरक वयाबरोबर घटतोच. सत्तरीतल्या धडधाकट माणसातही तो 10 च्या खाली जाऊ शकतो. उलट विशीतल्या मधुमेही मुलीचा 16 आला तर आपण तिला सोडून देतो, तिच्या वयाला तो कमी असला तरी. तरीही प्रबंधांत ही रेघ जशीच्या तशी उचललेली दिसते (व्हायव्हात कुणी विचारत नाही, हेही आहेच).

वयाने जुळणारे कंट्रोल घेतले म्हणून सुटका होत नाही. त्यांनाही हीच रेघ लावा, त्यातले किती जण ‘आजारी’ निघतात ते मोजा, आणि मगच पेशंटची टक्केवारी लिहा.