दिवाळीतील किल्ला आणि उंबरखिंड : लष्करी देखाव्याच्या एका मराठी रूपाची चिकित्सा

प्रस्तावना

लहान प्रमाणातील सैनिकांच्या आकृती रंगवून, त्यांना जमीन, झाडे व इमारतींच्या प्रतिकृतींमध्ये बसवून युद्धातील एखादा क्षण उभा करणे, हा कलाप्रकार पाश्चात्य देशांत छंद म्हणून चांगलाच रुजलेला आहे. इंग्रजीत त्याला डायोरामा म्हणतात. १८२२ मध्ये दागेर याने पॅरिसमध्ये प्रकाशयोजनेच्या साहाय्याने दाखविलेल्या भव्य चित्रदृश्यांना हा शब्द प्रथम लावला गेला व पुढे तो अशा छोट्या मांडणीपर्यंत येऊन पोहोचला. मराठीत त्यासाठी वेगळी संज्ञा घडविण्याचे कारण नाही. गणेशोत्सवामुळे 'देखावा' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे आणि तो नेमका आहे.

हा छंद परका, खर्चिक आणि मूठभरांचा, असा सुशिक्षित वर्गाचा समज दिसतो. तो अर्धाच खरा आहे. दिवाळीच्या सुटीत अंगणात दगड-विटा रचून, त्यावर चिखलात भिजविलेले गोणपाट पसरून, अळीव पेरून आणि मातीचे मावळे मांडून जो किल्ला केला जातो तो लष्करी देखावाच होय. त्याची नोंद आजवर बालपणीच्या आठवणी म्हणून पुष्कळ झाली. कलारूप म्हणून त्याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात ती रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या संदर्भात केली आहे. दिवाळीतील किल्ल्याचे जे संकेत आहेत त्यांत याच भूमीवर घडलेली सर्वांत महत्त्वाची लढाई मावू शकत नाही, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

शिखर आणि सन्मुखता

कर्जत तालुक्यातील शेलू हे मध्य रेल्वेवरील वांगणी व नेरळ यांच्यामधले स्थानक. नेरळच्या डोक्यावर माथेरानच्या रांगेतील पेब ऊर्फ विकटगड उभा आहे. पूर्वेकडे सह्याद्रीची मुख्य भिंत आहे आणि तिच्या पुढ्यात कोथळीगडाचा सुळका. अशा परिसरातील मुलाला डोंगर म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. तरीही त्याच्या अंगणातील किल्ला पेबसारखा होत नाही, की कोथळीगडासारखाही होत नाही. तो पुण्यातील वाड्यात किंवा गिरणगावातील चाळीत होतो तसाच होतो. एकच शंक्वाकृती डोंगर, समोरून वर जाणाऱ्या पायऱ्या, बुरुज, पायथ्याशी विहीर व गाव, कपारीत वाघ आणि माथ्यावर सिंहासनस्थ शिवाजी महाराज. अलीकडे बाजारात तयार किल्लेही मिळतात. मातीचे अंगण नसलेल्या गृहसंकुलांत त्यांची सोय होते, आणि त्यांत हा साचा अधिकच घट्ट झालेला दिसतो.

या साच्याचे मूळ आकृतींमध्ये शोधावे लागते. बाजारात ज्यांना 'चित्रे' किंवा सरसकट 'मावळे' म्हणतात त्या आकृती साच्यातून काढल्या जातात. पाठ सपाट, तोंड समोर, हातातील भाला वा तलवार अंगाला चिकटलेली. मोकळा हात वाळताना मोडतो, म्हणून तो अंगाबाहेर जात नाही. रंग मोजके व सपाट असतात आणि डोळ्यांचे दोन ठिपके थेट पाहणाऱ्याकडे रोखलेले असतात. पेणच्या गणेशमूर्तींमुळे हा जिल्हा सर्वत्र माहीत आहे. तेथे डोळ्यांच्या आखणीला केवढे महत्त्व आहे हेही सर्वश्रुत आहे. मूर्ती भक्ताकडे पाहते. मावळाही तेच करतो. किल्ल्यावरील वीस मावळ्यांपैकी एकही दुसऱ्याकडे पाहत नाही आणि दरीत काय चालले आहे याचे त्यांच्यापैकी कोणालाच सोयरसुतक नाही. हे दर्शनाचे शिल्प आहे. कथनासाठी ते घडविलेलेच नाही.

पाश्चात्य देखावाकारांची दिशा नेमकी उलट आहे. अमेरिकन शिल्पकार शेपर्ड पेन याने १९८० मध्ये देखावे कसे बांधावेत यावर एक मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. त्या परंपरेत कथा, क्षणाची निवड व आकृतींचे परस्परसंबंध यांना कारागिरीइतकेच वजन आहे. आकृतीची मान वळलेली असते आणि ती कशाकडे तरी पाहत असते. पाहणाऱ्याची नजर तिच्या नजरेमागून जाते. रंगकामही यालाच पूरक असते. पातळ केलेला गडद रंग वस्त्राच्या चुण्यांत सोडतात आणि कुंचला जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवर फिकट रंग घासतात. दोन इंचांच्या बाहुलीवर खऱ्या उन्हाची सावली पुरेशी पडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते. गुडघ्यापर्यंत धूळ, बुटांवर चिखल, अशा तपशिलांनी आकृती जमिनीशी बांधली जाते. आपल्याकडील मावळा मात्र चिखलाच्या डोंगरावर नवे कोरे पीतांबर नेसल्यासारखा उभा असतो.

प्रमाणाचा प्रश्न

दिवाळीतील किल्ल्यावर हमखास घेतला जाणारा आक्षेप प्रमाणाचा आहे. मावळा बुरुजाएवढा आणि वाघ गुहेपेक्षा मोठा, असे हसून सांगितले जाते. हिशेब मांडला तर गोष्ट खरी आहे. साडेपाच फुटी माणूस तीन इंचांचा झाला की प्रमाण साधारण १:२२ होते. त्या प्रमाणात तीन फुटी डोंगर प्रत्यक्षात जेमतेम २० मीटर उंचीचा ठरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच असलेला रायगड त्याच प्रमाणात करायचा झाल्यास सुमारे ३७ मीटर, म्हणजे बारा मजली इमारतीएवढा करावा लागेल. शिवाय महाराजांची बसलेली मूर्तीच उभ्या मावळ्यापेक्षा मोठी असते. आकार येथे मोजमापाने ठरत नाही, तो मानाने ठरतो. आपल्या मंदिरशिल्पातही हेच आढळते.

परंतु यास अज्ञान म्हणणे घाईचे होईल. मोजमापाची शिस्त मानणाऱ्या परंपरेनेही ही तडजोड केलेली आहे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात, १६६८ पासून, तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती १:६०० या प्रमाणात करण्यास प्रारंभ झाला. त्या अत्यंत काटेकोर आहेत, पण त्यांत माणसेच नाहीत. विल्यम सिबॉर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३० मध्ये वॉटर्लूच्या रणभूमीवर आठ महिने राहून पाहणी केली आणि १८३८ मध्ये लंडनला त्या युद्धाची प्रचंड प्रतिकृती प्रदर्शित केली. मैलाला नऊ फूट, म्हणजे १:५८७ च्या आसपास, हे तिच्या जमिनीचे प्रमाण. त्या प्रमाणात शिपाई तीन मिलिमीटरचा व्हायला हवा होता. सिबॉर्नचे हजारो कथलाचे शिपाई सुमारे दहा मिलिमीटरचे आहेत. माणूस दिसायचा तर तो जमिनीपेक्षा मोठा करावा लागतो, ही अडचण त्यालाही टळली नाही.

आज १:३५ व १:७२ ही प्रमाणे रूढ आहेत आणि जमीन व माणूस दोघांनाही एकच प्रमाण लावले जाते. त्याची किंमत अशी की देखाव्यात डोंगर येत नाही, डोंगराचा एक कोपरा येतो. दिवाळीतील किल्ल्यांच्या स्पर्धांमध्ये 'हुबेहूब प्रतिकृती' या निकषाला जे महत्त्व आले आहे त्यात हा विचार हरवतो. नकाशावरून दरवाजे व टाकी मोजून बसविली जातात आणि त्यांच्या शेजारी तेच तीन इंची मावळे उभे राहतात. जुना, ओबडधोबड किल्ला निदान स्वतःच्या नियमाशी प्रामाणिक होता. तेथे प्लॅस्टिकचा रणगाडा आणि हिरवा शिपाईसुद्धा खपून जात असे.

शत्रूची अनुपस्थिती

प्रमाणापेक्षा गंभीर अशी एक उणीव मात्र सहसा बोलून दाखविली जात नाही. दिवाळीतील किल्ल्यावर शत्रू नसतो. अफजलखान वधाच्या जोडमूर्तीचा अपवाद सोडल्यास बाजारात मिळते ते सैन्य एकाच बाजूचे. तोफा आहेत, भालदार आहेत, पण ते कोणाविरुद्ध सज्ज आहेत हे दिसत नाही. परिणामी किल्ला हा लढाईचे नव्हे, तर राज्याभिषेकोत्तर शांततेचे चित्र होतो.

देखाव्यात कोणाला स्थान द्यायचे हा प्रश्न निरागस नाही, हे सिबॉर्नच्या अनुभवावरून कळते. वॉटर्लूच्या संध्याकाळी रणांगणावर पोहोचलेल्या प्रशियन सैन्याला त्याने दिलेली जागा वेलिंग्टनच्या वर्तुळाला रुचली नाही. पुढे त्याने प्रतिकृतीतील प्रशियन शिपाई मोठ्या संख्येने काढून टाकले. तेथे मित्रसैन्य गाळले गेले आणि येथे शत्रुसैन्य. दोन्हीकडे विजेत्याचा आकार वाढतो. शत्रू दिसत नसेल तर विजयही मोजता येत नाही, हे भान बालमनाला देण्याची संधी आपण दरवर्षी सोडून देतो असे म्हणावे लागते.

खिंडीचा देखावा

या सर्व मर्यादा उंबरखिंडीपाशी एकत्र येतात. शाहिस्तेखान १६६० मध्ये पुण्यात तळ देऊन बसला होता. त्याने कोकणात उतरण्यासाठी पाठविलेला उझबेक सरदार कारतलबखान लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने खाली आला आणि फेब्रुवारी १६६१ मध्ये आजच्या खालापूर तालुक्यात, अंबा नदीच्या खोऱ्यातील दाट रानात सापडला. त्याच्यासोबत माहूरची रायबागन होती. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या समकालीन संस्कृत काव्यात हा प्रसंग विस्ताराने येतो. अरुंद पायवाट, वारा न शिरणारे अरण्य, तहानेने व्याकूळ झालेले सैन्य आणि दोन्ही अंगांना दबा धरून बसलेले मावळे. वाट पुढूनही अडली आणि मागूनही. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला, खंडणी देऊन व सामानसुमान टाकून परत गेला. चावणी गावाजवळ या विजयाचे स्मारक उभे आहे.

शेलू, नेरळ, कर्जत, खोपोली हा सलग पट्टा आहे आणि उंबरखिंड त्याच्या दक्षिण टोकाला येते. तरीही येथील अंगणांत रायगड वा प्रतापगड होतो. कारण उघड आहे. दिवाळीतील किल्ल्याला उंचवटा हवा, तर उंबरखिंड हा खळगा आहे. किल्ल्यावर महाराज दिसले पाहिजेत, तर येथे मावळा न दिसणे हीच युद्धकला आहे. किल्ल्यावर शत्रू नाही, तर येथे दृश्याचा मधला सगळा भाग शत्रूने भरलेला आहे. त्यात महाराष्ट्रातलीच एक स्त्री मोगलांच्या बाजूने उभी आहे, आणि सर्वांत शहाणा निर्णय तिचा आहे. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा स्थळे जागतिक वारसा यादीत घेतली. नावात भूदृश्य आहे, यादीत मात्र बाराही किल्लेच आहेत. घाट व खिंडी यांना लष्करी वारशात स्थान मिळण्याची अडचण केवळ मुलांच्या अंगणापुरती नाही, हे यावरून दिसते.

उंबरखिंडीचा देखावा अशक्य मात्र नाही. त्यासाठी परदेशी संचांचीही गरज नाही. चार फूट लांब व दोन फूट रुंद फळी घेतली आणि तीन इंची आकृतीचे १:२२ हेच प्रमाण कायम ठेवले, तर जमीन सुमारे २७ मीटर बाय १३ मीटर येते. एवढ्यात संपूर्ण खिंड बसणार नाही, पण तिचे एक वळण बसेल. पायवाटेने माणसे एकामागे एक चालत असतील तर या वळणात वीसएक आकृती पुरतात. ज्या चिंचोळेपणाने खानाची फौज निकामी केली, तोच चिंचोळेपणा येथे मांडणी करणाऱ्याच्या कामी येतो. हजारोंचे सैन्य दाखवावे लागत नाही, रांगेचे पुढचे टोक व मागचे टोक फळीच्या कडेने कापले गेले की ती लांब आहे हे कळते.

दोन्ही बाजूंचे उतार फळीच्या कडांपाशी उंच ठेवावेत. पाहणारा वरून वाकून पाहतो तेव्हा त्याची नजर आपोआप दबा धरलेल्या मावळ्याच्या जागी येते. हा लाभ शिखरकेंद्री किल्ल्यात कधीच मिळत नाही, तेथे पाहणारा कायम पायथ्याशी असतो. अळीव येथे उपयोगाचे नाही, कारण फेब्रुवारीतील कोकणच्या रानात गवत पिवळे पडलेले असते. वाळलेली काटक्यांची जाळी, गेरू व राखाडी माती यांनी ते रान अधिक खरे होईल. मोगल शिपायांच्या आकृती बाजारात मिळणार नाहीत. त्या मावळ्याच्याच आकृतीवर शाडूने पगडी व अंगरखा बदलून कराव्या लागतील. साच्यातील सपाट पाठ झाडीला टेकवता येते, मानेचा भाग ओला असतानाच किंचित वळविता येतो. वीसपैकी पाच-सहा माना उताराकडे वळल्या, एखाद्याने रिकामी पखाल उलटी धरली, तरी प्रसंग उभा राहतो. क्षण निवडायचा तो चकमकीचा निवडू नये. बाण सुटण्यापूर्वीचा, किंवा शस्त्रे वाटेच्या कडेला टाकली जात असतानाचा निवडावा. हातातून भाला काढून घेतलेला शिपाई करणे भाला धरलेल्या शिपायापेक्षा सोपेही आहे, आणि तो मोडतही नाही.

राहतो तो महाराजांच्या जागेचा प्रश्न. २७ मीटरांच्या या वळणात ते असण्याचे कारण नाही. ते खिंडीच्या तोंडाशी, म्हणजे फळीच्या बाहेर आहेत. स्पर्धेच्या परीक्षकांना हे पटेल असे वाटत नाही, आणि घरातील वडीलधाऱ्यांना तर नाहीच. एक मार्ग असा की रायबागनची आकृती घोड्यावर, रांगेच्या मध्यभागी बसवावी आणि तिची मान फळीच्या ज्या कडेपलीकडे खिंडीचे तोंड आहे त्या कडेकडे वळलेली ठेवावी. ती कोणाकडे पाहते आहे, हे पाहणाऱ्या मुलाला मग विचारावे लागेल.