पोरं बिघडली, की आपण घाबरलो?

तरुणांच्या उपसंस्कृतींविषयी बोलायचं म्हटलं की स्टॅन्ली कोएन यांच्या 'फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स' या १९७२ च्या पुस्तकापाशी थांबावंच लागतं. आज ते जरा तपासून बघू.

प्रसंग १९६४ च्या ईस्टरचा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं क्लॅक्टन. हवा थंड, पावसाळी, करमणुकीला काही नाही. जमलेल्या पोरांत बाचाबाची झाली, थोडी दगडफेक झाली, काही खिडक्या फुटल्या, स्कूटरी-मोटरसायकली घरघरत फिरल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी मात्र लढाईची भाषा वापरली. नीटनेटके सूट घालणारे, स्कूटरवरचे 'मॉड्स' आणि चामडी जाकिटांतले, मोटरसायकलवरचे 'रॉकर्स' अशा दोन टोळ्या लोकांच्या मनात पक्क्या झाल्या. प्रत्यक्षात ही विभागणी तेव्हा इतकी पक्की नव्हतीच.

मग काय झालं? मे महिन्यातल्या सुट्टीत मार्गेट आणि ब्रायटनला पोलीस जास्त, कॅमेरे जास्त, बघे जास्त. न्यायाधीश कडक. आणि आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे पोरांनाही ठाऊक. म्हणजे ज्याची भीती, त्यालाच भीतीनं खतपाणी घातलं. कोएन यांचं मोठेपण इथं आहे. 'ही पोरं अशी का?' हा प्रश्न त्यांनी उलटा फिरवला आणि विचारलं, 'बघणारे असे का बघतात?' ज्या पिढीनं युद्ध सोसलं, १९५४ पर्यंत रेशनिंग सोसलं, तिच्यासमोर खिशात पैसे खुळखुळवणारी, कपड्यांवर उधळणारी मुलं उभी होती. राग फुटलेल्या काचांचा कमी, या बदलाचा जास्त होता.

आता आपले आक्षेप. पहिला, या प्रसंगात मुली कुठे आहेत? अँजेला मॅक्‌रॉबी आणि जेनी गार्बर यांनी १९७६ मध्ये उपसंस्कृतींच्या एकूण अभ्यासालाच हा प्रश्न विचारला. रस्ता हीच बंडाची जागा मानली, तर घरातल्या खोलीत, मैत्रिणींसोबत रेकॉर्ड ऐकणारी मुलगी अभ्यासकाला दिसतच नाही. आणि सनातनी समाजाचा सर्वांत कडक पहारा तर तिच्यावरच असतो!

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञानाचा. 'पॅनिक' म्हटलं की भीती अवाजवी, हा निकाल वर्णनातच लागून जातो. पण वाजवी भीती किती, हे कोण मोजणार? २००२ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कोएन यांनी या अडचणीची दखल घेतली आहे. तरी शब्द सैलपणे फिरतच राहिला. त्यामुळे मुलाच्या व्यसनानं खरोखर काळजीत पडलेला बाप आणि मुलाचे लांब केस बघून संतापणारा बाप, आपण दोघांनाही एकाच मापानं मोजू लागतो. हा अन्याय आहे.

तरीही पुस्तक वाचायलाच हवं. 'आजकालची पिढी' हे शब्द ओठांवर आले की आपण दोन गोष्टी विचारू या. नेमकं काय घडलं? आणि त्यानं आपलं नेमकं काय जातंय? पहिल्याचं उत्तर चार ओळींत मावत असेल आणि दुसऱ्याचं चार पानं भरत असतील, तर तपासणी आपल्यापासून सुरू करायची.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.