मुंबईचे कोरीव शिसवी फर्निचर : 'पुनरुज्जीवन' या संज्ञेची चिकित्सा

एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडविलेल्या कोरीव शिसवी फर्निचरचे वर्णन बहुधा 'रोकोको पुनरुज्जीवन शैली' असे केले जाते. ही संज्ञा तपासून पाहणे आवश्यक आहे. पंधराव्या लुईच्या राजवटीतील (१७१५-१७७४) वक्राकार घडण एकोणिसाव्या शतकात फ्रान्स-इंग्लंडमध्ये पुन्हा रुजली, तेव्हा युरोप स्वतःचाच भूतकाळ आठवत होता. मुंबईच्या कारागिराला तसा भूतकाळ नव्हता. त्याच्यापुढे होता तो गिऱ्हाइकाचा नमुना. म्हणून खुर्चीचे पाय आणि हात युरोपीय वळणाचे राहतात, पाठ मात्र आरपार कोरलेल्या वेलबुट्टीने भरून जाते. मूळ रोकोकोतील हेतुपुरस्सर असममिती तेथे लोपते आणि जाळीकामाची सममिती अवतरते. (टेकून बसणाऱ्यास ती टोचते, हेही खरे!)

युरोपीय प्रभावाने भारतीय हस्तकलांचा ऱ्हास होतो, अशी भूमिका जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये 'द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' या ग्रंथात मांडली. त्या कसोटीवर हे फर्निचर हिणकस ठरते. परंतु युरोपीय रहिवासी व पारशी कुटुंबे यांच्या दिवाणखान्यांसाठी घडलेल्या सोफ्याकडून परंपरेच्या शुद्धतेची अपेक्षा करणेच मुळात अप्रस्तुत आहे. येथे पुनरुज्जीवन झाले असेल तर ते रोकोकोचे नव्हे; घराच्या खांब-तुळयांवर चालणारी पटाशी खुर्चीच्या पाठीवर आली, एवढेच.