गढूळ पाण्याची बाजू

काही वर्षांपूर्वी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी एक फ्लेक्स करून घेतला होता. 'कोकणातील सागरी जीवसृष्टी' असे त्याचे शीर्षक आणि खाली पाण्याखाली काढलेली नऊ रंगीत छायाचित्रे. घोडेगाव हे नेवासा तालुक्यातले, अहिल्यानगर–संभाजीनगर रस्त्यावरचे गाव. कांद्याचे लिलाव आणि जनावरांचा बाजार ही त्याची ओळख. समुद्र इथून सरळ रेषेत धरला तरी दोनशे किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्री. फ्लेक्ससमोर गर्दी झाली, मुख्याध्यापकांनी कौतुक केले. वडिलांच्या बदलीमुळे देवगडहून आमच्याकडे आलेला एक सातवीतला मुलगा मात्र बराच वेळ तिथेच उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "सर, यातलं एक पण आमच्याकडचं नाही."

मी तपासून पाहिले. सगळ्यात मोठा छापलेला, अंगभर पानांच्या झालरी असलेला प्राणी होता लीफी सीड्रॅगन. तो फक्त ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याला सापडतो. निळ्या-नारिंगी नक्षीचा मँडरिन मासा पश्चिम प्रशांत महासागरातला. उरलेल्यांची गतही फारशी वेगळी नव्हती. चूक माझी होती, पण ती इतक्या सहज का झाली, हा प्रश्न तेव्हापासून मागे लागला आहे. त्या नऊही चित्रांत पाणी सारखेच होते: काचेसारखे स्वच्छ, गडद निळे किंवा थेट काळे. प्राणी मधोमध, एकटा, दागिन्यासारखा उजळलेला. त्यातून गाव कळत नव्हते, ऋतू कळत नव्हता, आकारही कळत नव्हता. अशी चित्रे कुठल्याही शीर्षकाखाली खपून जातात. पाण्याखालच्या छायाचित्रणाची एवढी वाहवा होत असताना त्याची समीक्षा मराठीत जवळजवळ होत नाही. हा लेख म्हणजे तसा एक प्रयत्न आहे, तोही समुद्रापासून दूर बसलेल्या माणसाचा.

या कलेची सुरुवात देखणेपणातून झालेली नाही. लुई बूतां हा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ. १८९३ मध्ये बान्यूल्स-सूर-मेर इथल्या सागरी प्रयोगशाळेत काम करताना त्याने भावाच्या मदतीने जलरोधक पेटी बनवली आणि पाण्याखाली छायाचित्रे घेतली. एकेका चित्राला अर्ध्या तासापर्यंत प्रकाश द्यावा लागे. इतका वेळ मासा कशाला थांबतो? म्हणून त्या चित्रांत प्रामुख्याने दिसतात ते खडक, शेवाळ, तळ, म्हणजेच जागा. पुढे विल्यम लाँगली हा शास्त्रज्ञ आणि चार्ल्स मार्टिन हा छायाचित्रकार या दोघांनी फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाज बेटांपाशी पाण्यावर तराफा ठेवला, त्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवली आणि त्या लखलखाटात हॉगफिशचे रंगीत छायाचित्र टिपले. 'नॅशनल जिओग्राफिक'ने ते १९२७ च्या जानेवारीत छापले. या लखलखाटाबरोबर प्राणी जागेपासून सुटायला सुरुवात झाली, असे मला वाटते. प्रकाश प्राण्यावर पडला, त्याच्यामागचे सगळे अंधारात गेले.

इथे रंगाचा प्रश्न येतो आणि तो वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. पाणी प्रकाशातला तांबडा भाग सगळ्यात आधी गिळते. पहिल्या पाच-सहा मीटरांतच लाल रंग मावळू लागतो, मग नारिंगी, मग पिवळा. उरते निळे-हिरवे. कोकणातल्या बाजारात तांबोशी लालभडक दिसते. तीच तांबोशी वीस मीटर खोल पाण्यात काळपट करडी दिसते आणि ते करडेपण तिच्या उपयोगाचे असते. छायाचित्रकार फ्लॅश टाकतो तेव्हा तिचा बाजारातला रंग परत येतो. 'निसर्गाचे खरे रंग' या मथळ्याखाली आपण जे पाहतो, ते त्या खोलीवर फ्लॅश पडेपर्यंत नसतेच. मी याला खोटेपणा म्हणणार नाही. लाल रंगद्रव्य माशाच्या अंगात असतेच. पण कोळणीच्या पाटीतला मासा आणि चकचकीत पुस्तकातला मासा हे दोन्ही सारख्याच उजेडात पाहिलेले आहेत, आणि तो उजेड माशाचा नाही, आपला आहे.

दुसरी गोष्ट मापाची. आमच्या बाजारात म्हैस फोटोवरून कोणी घेत नाही. मोबाइलवर फोटो येतात, पाहणारे पाहतात, आणि मग दात, कास, चाल पाहायला स्वतः येतात. 'फोटोत जनावर मोठं दिसतं' हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पाण्याखाली तर डोळासुद्धा फसतो. सपाट काचेच्या मुखवट्यातून पाहताना वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ भासते. त्यात सूक्ष्म छायाचित्रणाची भर पडली की दोन सेंटिमीटरची समुद्री गोगलगाय अख्खे पान व्यापते. तिच्या पाठीवरचे कल्ल्यांचे तुरे, डोक्यावरची शिंगे, कडेची जांभळी रेघ, सगळे अचूक दिसते. फक्त ती नखाएवढी आहे आणि शेजारच्या स्पंजावर जगते, हे दिसत नाही. ज्या फोटोत शेजारी स्पंज दिसतो, तो मला नेहमी जास्त आवडतो. स्पर्धांमध्ये तो सहसा मागे पडत असावा.

सगळ्यात मोठी गफलत मात्र स्वच्छ पाण्याबद्दलची आहे. निळेशार, तीस-चाळीस मीटर आरपार दिसणारे पाणी म्हणजे समृद्ध समुद्र, असे ही चित्रे नकळत शिकवतात. उष्ण कटिबंधातले असे पाणी बहुधा पोषकद्रव्यांत गरीब असते आणि त्यात प्लवक कमी असतात, म्हणून तर ते आरपार दिसते. अशा गरीब पाण्यात प्रवाळभित्ती हा अपवाद आहे. सागरतळाचा एक टक्काही भाग न व्यापता त्या सुमारे पाव सागरी प्रजातींना आयुष्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यात आसरा देतात. तिथे छायाचित्रकारांची रांग लागते, यात नवल नाही. पण आपला कोकणचा समुद्र हिरवट, मचूळ. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, वारे आणि प्रवाह पाणी ढवळतात, प्लवक फोफावतात, आणि त्यावर तारली नि बांगडा पोसले जातात. पाणबुड्याच्या फ्लॅशचा उजेड ज्या कणांवरून उलटा फिरतो आणि चित्रात पांढरे ठिपके पाडतो, ते कण म्हणजे बऱ्याच अंशी माशांचे अन्न. ज्याने फोटो बिघडतो, त्यानेच समुद्र जगतो. स्वच्छतेच्या या सौंदर्यदृष्टीत आपला किनारा उभाच राहू शकत नाही. म्हणून माझ्या फ्लेक्सवर तो नव्हता.

मालवणचे उदाहरण घ्यावे. तिथले सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती. खडकांवर पोरायटिस, टर्बिनेरिया यांसारखे प्रवाळ आहेत, गोबरा आहे, तांबोशी आहे. गेल्या काही वर्षांत तारकर्ली-मालवणला स्कूबाचा व्यवसाय उभा राहिला आणि पाण्याखालचा फोटो ही तिथली सगळ्यात खपणारी वस्तू झाली. पर्यटकाला मिळणाऱ्या चित्रात तो स्वतः मधोमध असतो, हात हलवत, भोवती ब्रेडच्या तुकड्यांवर जमलेले मासे. बूतांने १८९९ मध्ये पाण्याखाली पाणबुड्याच्या पोषाखातल्या एमिल राकोवित्सा या शास्त्रज्ञाचे छायाचित्र घेतले होते. तो या सगळ्या फोटोंचा पूर्वज म्हणायचा. अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांचा विरोध सुरुवातीपासून राहिला, कारण नकाशावरची रेघ त्यांच्या जाळ्यांवरून गेली होती. पाण्याखालच्या एकाही 'सुंदर' चित्रात मला ते जाळे दिसलेले नाही. तुटलेले, प्रवाळावर अडकलेले जाळे दिसते, पण प्रदूषणाचे प्रतीक म्हणून. ते कोणाचे, हा प्रश्न चौकटीबाहेर राहतो.

एवढे म्हटल्यावर उलट बाजूही मांडली पाहिजे. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या स्पर्धेत लोराँ बालेस्ता याला २०२१ आणि २०२३ असे दोनदा सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पहिले चित्र फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावाचे: अंडी आणि शुक्रद्रव्याच्या दुधाळ ढगातून बाहेर उसळणारे गोबऱ्याच्या जातीचे मासे. वर्षातून एकदा, जुलैतल्या पौर्णिमेच्या सुमारास घडणाऱ्या या प्रसंगासाठी त्याचा गट पाच वर्षे तिथे जात राहिला. तिथे ढग हाच विषय आहे. स्वच्छ पाण्याचा मोह त्याने सोडला. दुसरे चित्र फिलिपिन्सच्या पांगातालान बेटाजवळचे. त्यात सोनेरी कवचाचा नालखेकडा चिखलावरून सरकतो आहे आणि वर तीन लहान मासे, त्याने ढवळलेल्या गाळातून काही खायला मिळेल या आशेने. हे चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. प्राणी अद्भुत आहेच, पण चिखल तितकाच महत्त्वाचा आहे, आणि त्या तीन माशांमुळे कोण कोणाच्या आधाराने जगते तेही कळते. जस्टिन हॉफमनने इंडोनेशियात टिपलेला, कान साफ करायच्या गुलाबी काडीला शेपटी गुंडाळलेला समुद्रघोडा २०१७ मध्ये जगभर गाजला. मला तो बालेस्ताच्या चित्रांहून कमी वाटतो. तो एका वाक्यात सांगून संपतो, आणि सांगून झाल्यावर पाहायला फार काही उरत नाही.

खरा पर्याय मला याहून कितीतरी ओबडधोबड ठिकाणी सापडला. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम ओहोटीच्या वेळी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर लोकांना घेऊन जातो. काढलेली चित्रे तारीख आणि जागेसह सार्वजनिक नोंदींत जातात. अनेक चित्रे साधी, काही अंधूक. पार्श्वभूमीला प्लॅस्टिक. हाजीअलीच्या खडकावरचा प्रवाळ बशीएवढाही नसतो. पण किनारी रस्त्याच्या वादात हेच प्रवाळ महत्त्वाचे ठरले. टणक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची परवानगी रद्द केली, तेव्हा त्या कायद्याखालच्या मंजुरीचा मुद्दाही निकालात होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये त्याला स्थगिती दिली, काम पुढे गेले, आणि २०२० मध्ये वरळी व हाजीअलीच्या काही प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे हलवण्यात आल्या. लढाई जिंकली असे म्हणता येणार नाही. मात्र 'तिथे काहीच नाही' हे वाक्य कोणाला सहज उच्चारता आले नाही, याचे श्रेय त्या साध्या नोंदींनाही आहे. त्यांत जागा होती.

नावांचा मुद्दा राहिला. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, त्याला नाव होतेच. खाल्ल्या जाणाऱ्या सगळ्यांना मराठीत नावे आहेत: माकूल, शेवंड, पाकट, मोरी. न खाल्ल्या जाणाऱ्यांना मात्र बहुधा भाषांतरित नावे, समुद्री हे आणि समुद्री ते. छायाचित्राने आपल्याला प्रथमच न खाता येणारा समुद्र दाखवला, हे त्याचे ऋण मोठे आहे. नावे मात्र फोटोतून येणार नाहीत, ती खडकांवर कालवे काढणाऱ्या बायकांना विचारावी लागतील.

पुढच्या वर्षी फ्लेक्स बदलला. देवगडच्या त्या मुलाने सुटीत मामाच्या मोबाइलवर काढून आणलेली सहा चित्रे त्यावर आहेत. ओहोटीच्या डबक्यातला खेकडा, खडकाला चिकटलेली कालवे, हिरव्या पाण्यात अर्धवट दिसणारा, बहुधा गोबरा असलेला एक मासा. प्रत्येकाशेजारी त्याने कंपासपेटीतली पट्टी धरली आहे. माशाच्या बाबतीत पट्टी धरता आली नाही, म्हणून खाली पेनाने लिहिले आहे: 'माझ्या हाताएवढा, कोपरापर्यंत.' फोटो धूसर आहेत अशी तक्रार दर प्रदर्शनात येते. तो मुलगा आता दुसऱ्या गावी गेला. फ्लेक्स अजून प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे.