तीन चतुर्थांश पाणी : ‘फोन्तामारा’ आणि हुकूमशाहीचे कागद

दोन महायुद्धांमधल्या हुकूमशहांविषयी लिहिताना ‘जनता भारावून गेली’ असे एक वाक्य हटकून येते. त्याला वाङ्मयात सर्वांत देखणे रूप दिले ते थॉमस मान यांनी. १९२६ साली ते सहकुटुंब इटलीच्या किनाऱ्यावरील फोर्ते देइ मार्मी येथे सुट्टीला गेले होते. त्या मुक्कामातून ‘मारिओ आणि जादूगार’ ही दीर्घकथा निघाली आणि १९३० साली प्रसिद्ध झाली. चिपोल्ला हा कुबड आलेला, उद्धट संमोहनकार चाबूक फटकारतो आणि भरल्या सभागृहातील माणसे मनाविरुद्ध नाचू लागतात. कथेकडे मुसोलिनीच्या इटलीचे रूपक म्हणून पाहण्याची वाट तेव्हापासून मळलेली आहे.

मला मात्र या रूपकाची सोय खटकते. संमोहित माणसाला जाब विचारता येत नाही. मान यांची खरी नजर सभागृहात नाही, त्याआधीच्या वाळवंटावर आहे. निवेदकाची आठ वर्षांची मुलगी पोहण्याचा ओला पोशाख धुण्यासाठी क्षणभर उघडी होते. एवढ्यावरून किनाऱ्यावरचे प्रतिष्ठित लोक राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न उभा करतात, प्रकरण नगरपालिकेत जाते आणि पन्नास लिरांचा दंड होतो. तिथे जादूगार नाही. कोट-टोपी घातलेला एक गृहस्थ आहे, एक कारकून आहे, एक पावती आहे. कथेचा हा भाग समीक्षक प्रस्तावना म्हणून ओलांडतात, याचे मला नवल वाटते.

इतिहासही त्या पावतीच्याच बाजूने साक्ष देतो. २८ ऑक्टोबर १९२२ रोजी पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला. राजा तिसरा व्हित्तोरिओ एमान्वेले याने त्यावर सही केली नाही. ‘रोमवरील मोर्चा’चा नायक स्वतः मिलानहून रात्रीच्या आगगाडीने रोमला आला. १९२१ च्या निवडणुकीत फॅसिस्टांचे ३५ प्रतिनिधी निवडून आले होते, पण नोव्हेंबर १९२२ मध्ये मुसोलिनीच्या सरकारवरील विश्वास ३०६ विरुद्ध ११६ मतांनी संमत झाला. बाजूने मत देणाऱ्यांत जोलित्ती, ओर्लांदो, सालान्द्रा हे माजी पंतप्रधान होते. पुढच्या वर्षी आचेर्बो कायदा आला : किमान पंचवीस टक्के मते मिळवून पहिल्या आलेल्या यादीला दोन तृतीयांश जागा. या गृहस्थांना कोणी संमोहित केले होते? गुंडगिरी होती, आणि भरपूर होती. पोच्या खोऱ्यात शेतमजुरांच्या संघटना लाठी आणि एरंडेलाच्या जोरावर मोडल्या गेल्या. पण दार आतून उघडले गेले.

हे दार नेमके कसे उघडते, ते इन्यात्सिओ सिलोने यांच्या ‘फोन्तामारा’ इतके बारकाईने मी दुसऱ्या कादंबरीत वाचलेले नाही. सिलोने हे टोपणनाव. मूळ नाव सेकोन्दिनो त्राँक्विल्ली. जन्म १९०० साली, आब्रुत्सो प्रांतातील पेशीनाचा. १९१५ च्या भूकंपात त्यांची आई गेली. १९२१ मध्ये इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत ते होते, १९३१ मध्ये पक्षाने त्यांना काढले. मधल्या काळात, दावोसला आजारी असताना, त्यांनी ही कादंबरी लिहिली. १९३३ साली ती आधी जर्मन भाषांतरात झुरिकला छापली गेली.

फोन्तामारा हे फुचिनोच्या खोऱ्याकडेचे कल्पित गाव. फुचिनो हे एके काळी सरोवर होते. एकोणिसाव्या शतकात तोर्लोनिया घराण्याने ते उपसले आणि तळाची सुपीक जमीन त्यांच्या मालकीची झाली. डोंगरउतारावरच्या गावाकडे उरला एक ओढा. गावात एक अधिकारी येतो, पैसे पडणार नाहीत असे सांगतो आणि कोऱ्या कागदांवर गावकऱ्यांची नावे लिहून नेतो. नंतर कळते, की आपणच ओढ्याचे पाणी ठेकेदाराला देण्याची विनंती केली आहे. बायका तक्रार घेऊन सरपंचाकडे जातात, तर सरपंच हे पदच उरलेले नाही. १९२६ च्या कायद्याने निवडलेल्या सरपंचाच्या जागी नेमलेला ‘पोदेस्ता’ आलेला आहे, आणि तो पोदेस्ता म्हणजे तोच ठेकेदार.

आता वकील येतो. दोन चिर्कोस्तान्झा. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘परिस्थिती’. स्वतःला गरिबांचा कैवारी म्हणवणारा हा माणूस तडजोड सुचवतो : तीन चतुर्थांश पाणी ठेकेदाराला, आणि उरलेल्याचे तीन चतुर्थांश गावाला. दोघांनाही तीन चतुर्थांश, म्हणजे न्याय झाला! हिशेब मांडला तर गावाला सोळातले तीन हिस्से येतात, आणि सोळावा हिस्सा कुठे गेला ते कोणी विचारत नाही. पुढे पाणी पन्नास वर्षांसाठी जाणार म्हणून लोक खवळतात, तेव्हा तो मुदत बदलून ‘दहा लुस्त्रुम’ करतो. लुस्त्रुम म्हणजे पाच वर्षे, हे त्या शेतकऱ्यांना कुठून ठाऊक असणार? हसू येते, आणि ते घशात अडकते. इथे कुणाचेही भान हरपलेले नाही. सगळे पूर्ण जागे आहेत, संशय घेत आहेत. त्यांच्याकडे फक्त ती भाषा नाही, ज्या भाषेत कागद लिहिला आहे.

गावात काळ्या सदऱ्यांची टोळीही येते. बायकांवर अत्याचार होतात. मग पुरुषांना एकेक करून विचारले जाते, जय कुणाचा? बरोबर उत्तर कोणते, हे गावाला माहीत नाही. कुणी जुन्या राणीचे नाव घेतो, कुणी संताचे. प्रत्येक उत्तराची नोंद होते. सिलोने हिंसेइतकाच त्या नोंदवहीकडे वेळ देतात, हे मला मोलाचे वाटते.

कादंबरी सर्वत्र अशी नाही. बेरार्दो व्हिओला रोमला गेल्यावर तुरुंगात दुसऱ्याचा गुन्हा स्वतःवर घेतो, तो भाग माझ्या मते सैल आहे. गावाची आडवळणी, कुत्सित बोली सुटते आणि हौतात्म्याचा सूर लागतो. त्यामागे दुःख खरे आहे. सिलोने यांचा धाकटा भाऊ रोमोलो १९२८ मध्ये पकडला गेला आणि १९३२ मध्ये तुरुंगात वारला. पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत त्याचे नाव आहे. पण दुःख खरे असल्याने प्रकरण चांगले होत नाही.

एक गोष्ट टाळता येणार नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस दारिओ बिओक्का आणि माउरो कनाली या इतिहासकारांनी पोलिसांच्या दप्तरांतील कागदांवरून असे मांडले, की सिलोने काही वर्षे फॅसिस्ट पोलिसांना माहिती पुरवत होते. १९३० मधले एक पत्र त्यात कळीचे मानले जाते. त्यात हा संबंध तोडण्याची याचना आहे. इतरांनी पुराव्याच्या वाचनालाच आव्हान दिले आणि वाद मिटलेला नाही. आरोप खरा धरला तर कादंबरी खोटी पडते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. उलट, तो खरा असेल तर मला दोन चिर्कोस्तान्झाकडे पुन्हा वळावे लागते. गावकऱ्यांच्या पाठीवर हात ठेवून ठेकेदाराच्या कानाशी बोलणारा तो माणूस पुस्तकात सर्वांत आतून ओळखलेला वाटतो. बेरार्दो तसा वाटत नाही.