इनपुट पिनचे त्रुटिसंदेश : एक चिकित्सा

मापनाचे ठिकाण बदलताना जुन्या व नव्या नोंदींचा सांधा कसा राखावा, याचा वस्तुपाठ रायगडच्या किनाऱ्यावरच उपलब्ध आहे. मुंबईत विजेवरील ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाबा वेधशाळेची चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलविण्यात आली. तथापि १९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू होताच कुलाब्याचे थांबले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे समांतर नोंदी घेतल्या गेल्या. संचालक नानाभाई मूस यांच्या काळातील या दक्षतेमुळे एकोणिसाव्या शतकापासूनची मालिका अखंड राहिली.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या इनपुट पिन वाचणाऱ्या ‘आरपीआय.जीपीआयओ’ या पायथॉन लायब्ररीचे परीक्षण याच कसोटीवर करणे उचित ठरेल. जुन्या मॉडेलांत ही लायब्ररी प्रोसेसरच्या ठराविक स्मृतिपत्त्यांवरून पिनची स्थिती थेट वाचते. २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ मध्ये पिनांचा कारभार आरपी१ या स्वतंत्र चिपकडे गेला. तेथे जुना प्रोग्राम चालविल्यास ‘एसओसीचा पेरिफेरल बेस ॲड्रेस ठरविता येत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश उमटतो. संदेश खोटा नाही. मात्र तो लायब्ररीची अडचण सांगतो, वापरणाऱ्याची नव्हे. ‘ही लायब्ररी या मॉडेलवर चालत नाही’ एवढे वाक्य पुरेसे होते. ते नसल्याने भरतीची पातळी मोजू पाहणारा विद्यार्थी निर्दोष तारा उपसत बसतो.

यावरील उपाय म्हणजे जुनी लायब्ररी काढून ‘आरपीआय-एलजीपीआयओ’ बसविणे. प्रोग्राममध्ये दोहोंना हाक मारण्याचे नाव एकच असल्याने त्या एकत्र नांदत नाहीत. आधी पहिली काढावीच लागते. प्रोग्रामच्या ओळी बहुधा तशाच राहतात, ही सोय निर्विवाद आहे. परंतु पाया बदलल्याची कोणतीही खूण त्या ओळींत उरत नाही, हेही तितकेच खरे.

‘एज डिटेक्शन जोडता आले नाही’ हा संदेश याहून सदोष म्हणावा लागेल. लिनक्स कर्नल ६.६ पासून जुन्या मॉडेलांवरही पिनांचे अंतर्गत क्रमांक ५१२ पासून सुरू होतात. म्हणजे १७ चा ५२९ झाला. लायब्ररी मात्र १७ च शोधते. परवानगीचा अभाव असला तरी वाक्य तेच. निरनिराळ्या व्याधींना एकच नाव देणाऱ्या वैद्याकडून निदानाची अपेक्षा कशी करावी?

सर्वांत गंभीर त्रुटी मात्र संदेशच देत नाहीत. अंतर्गत पुल-अप वा पुल-डाउन न निवडता सोडलेली पिन कधी शून्य, कधी एक दाखविते आणि प्रोग्राम निमूटपणे ते नोंदवितो. खाऱ्या, दमट हवेत सर्किटवर ओलसर थर जमल्यास गळतीच्या प्रवाहाची भर पडते. तेथे सुमारे ५० किलोओहमचा अंतर्गत रोध दुबळा ठरतो व बाहेरून १० किलोओहमचा रोध लावणे श्रेयस्कर. क्रमांकांचा गोंधळ तर धोकादायकच. बीसीएम पद्धतीतील १७ म्हणजे बोर्डावरील अकरावी पिन. बोर्डावरील सतरावी पिन ही ३.३ व्होल्टचा पुरवठा आहे. तिच्यात आणि ग्राउंडमध्ये स्विच जोडून दाबल्यास शॉर्टसर्किट होते, आणि लायब्ररीला त्याचा पत्ताही नसतो.

प्रयोगशाळेत नवे बोर्ड आणताना जुना लगेच कपाटात न ठेवता, तोच स्विच काही दिवस आळीपाळीने दोन्हींना जोडून नोंदी ताडून पाहण्यास फारसा खर्च येत नाही.